राजूरवालीची लाकडाची भुई

आमची राजूरवाली कुणाच्याही नव्या घरी गेली की आधी चपला काढून भुई तपासायची. लोक सोफा दाखवायचे, टीव्ही दाखवायचे, आणि ही बाई अनवाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत सुटायची. मग सगळ्यांसमोर निकाल द्यायची, "घर झ्याक हाय, पन पाय म्हनत्यात, लवकर निघा." घरमालकाचं तोंड कडू व्हायचं. राजूरवाली म्हणजे माझी बायको. माहेर राजूरचं, म्हणून देवळाली प्रवरात सगळे तिला याच नावानं ओळखायचे. ती गेली. मी चौथी शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही. पण तिच्यामागं लोक जे बोलले, ते पोटात ठेवून मी मरणार नाही.

मुलानं जुनं घर पाडून बंगला बांधला. खाली तोंड दिसेल अशी गुळगुळीत फरशी. थंडीत त्या फरशीवर पाय टेकला की कळ गुडघ्यापर्यंत जायची. "ह्ये घर हाय का दवाखाना?" असं म्हणत ती भिंत धरून चालायची. शेवटी तिनं एकच मागितलं. आमच्या दोघांच्या खोलीत खाली लाकूड बसवायचं. राजूरला पावसात भुई पाझरायची, तेव्हा पोरं फळ्यांच्या माळ्यावर झोपायची, ते तिच्या अंगात मुरलेलं होतं. ती म्हणायची, "लाकूड मानसाची ऊब धरून ठिवतं. फरशी चोरती."

मुलगा आम्हाला नगरला एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. तिथं टायवाल्या माणसानं चकचकीत पट्ट्या मांडल्या. "काकू, बघा, अगदी लाकडासारखं दिसतंय."

"सारखं कशापायी? लाकूड संपलं का?"

"काकू, खरं लाकूड पाण्यानं फुगतं. वाळलं की आकसतं. ओरखडे पडतात."

तिनं माझ्याकडं बोट केलं. "मी बी फुगले, वाळले, वरखडे पडले. ह्यांनी टाकलं का मला?"

टायवाला हसला. मुलगा मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, लोकांत असं बोलू नकोस." मला तेव्हा त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पोराला आईची लाज वाटते आणि दुकानदाराची वाटत नाही!

मग आम्ही दोघंच एसटीनं वखारीत गेलो. तिथं ही बाई भुशात मांडी घालून बसली. फळीवर नारळासारखी टिचकी मारायची, हात फिरवायची, नाक लावायची. सागाच्या फळ्या निवडल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्यातल्या दोन गाठीच्या निघाल्या, सुतार वैतागला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझ्या बोटांना बी गाठी हायेत."

फळ्या बसल्या आणि भावकी हसायला लागली. माझ्या मोठ्या वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जित्तेपनीच सरनावर झोपायची हौस!" हिनं पदर सावरत सांगितलं, "शेवटी लाकडावरच जायचंय ना जाऊबाई? मंग जरा सवय करती." वहिनींना ते झोंबलं. त्यात हिचा नेम असा, की ओल्या पायांनी खोलीत कुणी यायचं नाही. एकदा वहिनी पाय धुऊन तशाच आत आल्या, तर हिनं त्यांच्यापुढं फडकं टाकलं. "पुसा आधी." वहिनी ते फडकं विसरल्या नाहीत.

हिचा शेवट आला तेव्हा खाटेवरून खाली घ्यायची वेळ झाली. वहिनी म्हणाल्या, "हिला वसरीत न्या. लाकूड म्हंजी भुई न्हवं."

मी म्हणालो, "आन वसरीतली फरशी भुई हाय? ती तर कारखान्यात भाजलेली. हिथंच घ्या." जिच्यापासून ती जन्मभर पळाली, त्या गारठ्यावर तिला शेवटच्या घटकेला निजवायचं? मी दारात उभा राहिलो. तिनं प्राण सोडला तो त्याच फळ्यांवर.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एक खाली येईना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बापूंना सांभाळीन." कावळा हलला नाही. सुनेनं काय काय कबूल केलं. कावळा हलला नाही. मग वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "शिवंल कसा? तिला भुईच लागली न्हाई. भाऊजी, म्हना, त्या फळ्या उपटून टाकतो."

सगळं गणगोत माझ्याकडं बघायला लागलं. माझा थोरला भाऊ म्हणाला, "म्हन की रं. उन्हं चढली. मानसं ताटकळली."

"न्हाई म्हननार."

"आरं, मंग ती अडकून ऱ्हाईल!"

"ऱ्हाऊ द्या. त्या खोलीतच अडकंल ना? मी हाय तिथं."

भाऊ पाय आपटत निघून गेला. मेल्यावरसुद्धा त्या बाईचं एवढं एक सुख या लोकांना बघवेना. एवढ्या वर्षांत तिच्या गुडघ्यांची चौकशी एकानं केली नव्हती, आणि आता सगळ्यांना तिच्या आत्म्याची काळजी! शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

परतताना गाडीत मुलगा हळूच म्हणाला, "बापू, नुसतं म्हणायचं होतं. फळ्या कोण काढणार होतं?"

मी त्याला सांगितलं, "जित्ती हुती तवा मी तिच्याशी लई खोटं बोललो. ती लगेच धरायची आन भांडायची. आता तिला भांडता येत न्हाई. आता न्हाई बोलनार."