वरच्या खोलीतली खबरबात

नागपुरात दिवसभर जे काही घडतं, ते आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं पाहावं आणि संध्याकाळी येऊन आम्हाला सांगावं एवढ्यासाठीच घडतं, अशी दोन वर्षांत माझी पक्की समजूत झाली होती. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून ती भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करायला आली. सामान म्हणजे एक बॅग, घरच्या बागेतली अर्धी गोणी संत्री आणि एक दणकट हातोडी. हातोडी पाहून माझी बायको दारातच थबकली. "घाबरू नका काकू, अभ्यासाची आहे," ती म्हणाली, आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या पायरीचा कोपरा फोडून हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, असं तिनं जाहीर केलं. पायरी फुटल्याचं तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आपण रोज ज्वालामुखीवर चपला काढतो याचा आनंद जरा जास्त होता.

कॉलेजातून आली की वर जाण्याआधी ती आमच्या दारात उभी राहायची आणि दिवसाची खबरबात द्यायची. फुटाळा तलावावर किती बगळे होते, कोणत्या सरांनी वेगवेगळे मोजे घातले होते, बर्डीच्या बाजारात एक म्हातारी रस्ता ओलांडायचं सोडून आभाळाकडे कशी पाहत होती. सगळं एकाच संथ, झोपेतून नुकतं उठल्यासारख्या आवाजात. त्यामुळे महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय, हे आम्हालाच निवडावं लागे. एकदा बहाव्याच्या फुलांचं दहा मिनिटं वर्णन करून ती जिन्याकडे वळली आणि जाता जाता म्हणाली, "अन् हो, एका पेपरात नापास झाली मी." बायकोनं त्या दिवशी तिला वर जाऊच दिलं नाही, जेवायला बसवलं. ती पोटभर जेवली आणि वरणात हिंग कुठला घालता, हे विचारत राहिली. ताटावरून उठताना मात्र तिचे डोळे भरून आले होते. "बाबांले कसं सांगू?" एवढंच म्हणाली. पुढच्या वेळी त्या पेपरात ती पास झाली.

प्रवासाची तिला भारी हौस, पण पोहोचण्याची फारशी नाही. उमरेड रोडवरच्या मैत्रिणीकडे जाते म्हणून सकाळी निघाली, आणि दुपारी फोन आला: "काका, मी उमरेडले आहो." मी विचारलं, अगं, पण मैत्रीण तर अलीकडेच राहते ना? तर म्हणाली, "ढगाची सावली बससोबत पळून राहिली होती. ती कुठवर येते, हे पाहता पाहता मी उतरलीच नाही." परत केव्हा येणार, यावर, "इथं एक आजोबा मागावर लुगडं विणून राहिले आहेत. किनार पुरी झाली की निघते." ती किनार काही लवकर पुरी झाली नसावी. दिवेलागणीला आली तेव्हा मैत्रीण आमच्याच बैठकीच्या खोलीत बसून तिची वाट पाहत होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी विहीर आहे. वर गंजलेली जाळी, आत नारळाच्या करवंट्या, प्लॅस्टिक आणि एक मोडकी सायकल. ती बुजवून तिथे गाड्या उभ्या कराव्या, असं कॉलनीच्या बैठकीत ठरलं. माझ्या गाडीला कुणीतरी दोनदा घासून गेल्यामुळे अर्जावर पहिली सही मी केली होती. हे तिला कळलं तेव्हा ती रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, "काहून काका?" मी तिला गाडीवरचे दोन ओरखडे दाखवले.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी सुतळीला दगड बांधून विहिरीत सोडू लागली आणि पाणी मोजून वहीत लिहून ठेवू लागली. एप्रिल संपत आला, नळाची धार करंगळीएवढी झाली, पण विहिरीची पातळी फारशी हलली नाही. ही बातमी तिनं घरोघरी दिली. लोकांनी कौतुकानं ऐकली, तिला सरबत पाजलं आणि मलबा टाकायचा दिवस ठरवून टाकला. आमचे अध्यक्ष तिला म्हणाले, "पोरी, पाणी दिसत नाही, गाडी दिसते." ती म्हणाली, "जमिनीखालचं दिसत नाही म्हणूनच तर शिकून राहिली ना मी."

नेमक्या त्याच सकाळी तिची तोंडी परीक्षा. साडेनऊला ट्रक आला तेव्हा ती विहिरीच्या कठड्यावर बसलेली, मांडीवर वही. मी सांगितलं, "परीक्षेले जा." ती म्हणाली, "नाही जात." नापास झालेल्या दिवशीचा तिचा चेहरा मला आठवला. मी काय करतोय हे कळायच्या आत म्हणालो, "तू जा. मी बसतो."

आणि मी बसलो. पायजमा, बनियन, डोक्यावर बायकोची फुलाफुलांची छत्री. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, जरा बाजूले व्हा ना." अध्यक्ष धावत आले. "अहो, पहिली सही तुमचीच आहे!" मी म्हणालो, "तीच तर मागे घेऊन राहिलो." जन्मभर एका कार्यालयात मान खाली घालून फायली सरकवणारा माणूस मी, माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना. थोड्या वेळानं बायको चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. मग समोरच्या दोघीजणी आल्या. शेवटी ड्रायव्हरही चहा घेऊन सावलीत टेकला आणि बाराच्या सुमारास ट्रक भरलेलाच परत गेला. संध्याकाळी ती आली. वाटेत पाहिलेल्या पांढऱ्या घोड्याबद्दल सांगितलं, मग परीक्षा चांगली झाली म्हणाली, आणि सुतळी-दगड घेऊन विहिरीकडे गेली.

पुढच्या बैठकीत विहीर बुजवायचा ठराव रद्द झाला. विहीर उपसली, गाळ निघाला, सायकल निघाली. आता त्या पाण्यावर सगळ्या गल्लीची झाडं जगतात. तिला शिक्षण संपताच दूर, दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी लागली. फेब्रुवारीत तिच्या आईबाबांनी आग्रहानं गावी बोलावलं म्हणून आम्ही दोघं गेलो. तिला काही रजा मिळाली नव्हती. झाडं संत्र्यांनी वाकली होती आणि बागेत असा शांत, पिवळसर उजेड होता, की हळू बोलावंसं वाटावं.

तिच्या आईला आम्ही प्रथमच भेटत होतो. पण तिनं विचारलं, "भाऊ, गुडघा कसा आहे आता? जिना चढताना थांबता म्हणे." मी चकित झालो. मग ती माझ्या बायकोकडे वळली. "बाई, गाणं सोडलं नाही ना तुम्ही? रविवारी दुपारी भाऊ झोपले की तुम्ही सैपाकघरात गाता, अन् पोरगी वर खिडकीत बसून ऐके. एकदा फोनवर मलेही ऐकवलं तिनं."

बायकोचा चेहरा लाल झाला. लग्नाआधी ती गात असे, हे मला माहीत होतं. लग्नानंतर तिनं ते सोडलं, असं मी चौतीस वर्षं धरून चाललो होतो.

परतीच्या एसटीत बायको खिडकीशी बसली, मांडीवर संत्र्यांची पिशवी. काटोल मागे पडल्यावर मी म्हणालो, "मी आता दुपारी झोपणार नाही."

बाहेर उन्हं उतरत होती. बऱ्याच वेळानं, इंजिनाच्या घरघरीत नीट ऐकूही येऊ नये इतक्या हळू, ती गुणगुणू लागली. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे तिला वाटावं, की मला झोप लागली आहे.