पाटातले गुलाबी कंद

बटाटे अर्धे सोलून झाले होते, तेवढ्यात हेस्टरमावशींच्या हाती एक मऊ बटाटा लागला. दाबला तर आतून पाणी आलं आणि वास असा, की त्यांनी मान वळवली. पुढच्याच क्षणी त्यांना पाटाकाठी पुरलेले कंद आठवले. सुरी हातात तशीच ठेवून त्या परसात पाटाकडे गेल्या.

ख्रिस्ती मिशनच्या त्या गावात डोंगरातून आलेला पाट घराघरामागून फिरतो. मावशींच्या वाट्याच्या पाटात पांढऱ्या कॅला लिलीचं बन माजलेलं. गाव त्या फुलाला ‘डुकराचा कान’ म्हणतं, पण मयताला नि दीक्षेच्या रविवारी देवळात तोच कान लागतो. सासूबाईंच्या हातून ते बन मावशींकडे आलं, त्याला चाळीस वर्षं झाली. कोणाचं झुडूप नुसतं पानांनी फोफावलं, की मावशी सांगत, शेणखत आवर आणि ऊन येऊ दे. मावा पडला, तर साबणाचं पाणी. फुलं सरल्यावर पानं पिवळी पडली, की म्हणत, “दमलंय ते. निजू दे.” सकाळचं वचन वाचून झालं, की शेजारणी फाटकाशी येत. मावशींना ते आवडायचं. या आवडीपायी त्या कधीमधी देवाची क्षमाही मागत.

तिथे हिवाळा जूनमध्ये येतो, आणि पाऊसही हिवाळ्यातच. यंदा जूनमध्ये मावशींच्या मुलाने, एल्टनने, लग्न करून रोवीनाला आणलं, थेट देशाच्या दुसऱ्या टोकाहून. तिच्या पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन कंद होते, तिच्या आईच्या अंगणातल्या गुलाबी लिलीचे. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. रोवीना कंद कपाटावर ठेवायला निघाली होती. मावशींनी ते हातातून घेतले, लिलीचं माझ्यावर सोड म्हणाल्या आणि भर पावसात पाटाच्या काठी पुरले.

आता ऑगस्ट सरत आला. पांढऱ्यांना बहर होता. गुलाबींचा कोंबही नव्हता. रोवीना रोज सकाळी तिथे उभी राहायची आणि आत यायची.

मावशींनी बोटांनी चिखल उकरला. पहिल्या कंदाची पेज झालेली. दुसऱ्याचीही. वास तोच, बटाट्याचा. तिसरा एका बाजूने अजून घट्ट होता.

क्षणभर मनात आलं, माती लोटून द्यावी. थंडीने गेले म्हणता येईल, कोण तपासतंय? पण सकाळीच गुडघे टेकून प्रार्थना केली होती, आणि गुडघ्यांना अजून चटईचे वळ होते. त्यांनी कंद एप्रनमध्ये घेतला आणि घरात आल्या.

उकळत्या पाण्यात सुरी बुडवून त्यांनी नासलेला भाग कापला, पांढराशुभ्र गर लागेपर्यंत. चुलीतली गार राख जखमेवर चोळली. मग हाक मारली.

“पोरी, दोन कुजवले मी. हा एक आहे. तोही जगेलच असं नाही.”

रोवीनाने कंद हातात घेतला.

“कुजतील हे मला जूनमध्येच कळलं होतं, आई.”

“मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

“तुम्हाला कोण सांगणार? अख्खं गाव तुम्हाला विचारायला येतं.”

मावशी खुर्चीवर टेकल्या.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “तुझी आई काय करायची?”

रोवीना आधी चाचरत, मग भरभर बोलू लागली. तिच्या माहेरी पाऊस उन्हाळ्यातला, हिवाळा ठणठणीत कोरडा. पानं वाळली की आई कंद काढायची आणि कागदात घालून कपाटावर ठेवायची. थंडी संपली, की भरड वाळूत, कोंबाचा डोळा वर करून, चार बोटं खोल. पाणी कोंब दिसल्यावरच, तेही मोजकं. “आई म्हणायची, हिवाळ्यात पाणी घालणं म्हणजे झोपलेल्याच्या तोंडात तांब्या ओतणं.”

“आणि मी तर पाटच ओतला,” मावशी म्हणाल्या. रोवीनाला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळेही भरले.

जखम सुकायला कंद खिडकीत ठेवला. कुंडी कुठली आणि कुठे ठेवायची, ते रोवीनाने ठरवलं. छपराच्या वळचणीखाली, पाटापासून दूर, जिथे पाऊस पोचत नाही. मावशींनी सवयीने शेणखताचं नाव काढलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं.

रोवीनाने सुरी पुन्हा धुतली आणि उरलेले बटाटे पुढ्यात ओढले. मावशींनी दारामागची बादली उचलली आणि नदीवर भरड वाळू आणायला निघाल्या.