रिकामा पाट आणि लोखंडातला कार्बन

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी अमरावतीत मी जणू तापलेल्या लोखंडातच राहत होते. दुपारी जरा डोळा लागला की लाल उजेड दिसे. लोखंडाचे अणू रांगेत उभे, त्यांच्यामधल्या फटींत विरघळलेले कार्बनचे अणू, या फटीतून त्या फटीत अलगद सरकणारे. ते किती तऱ्हांनी बसू शकतात हे मोजायचं आणि त्यावरून त्यांची बाहेर पडण्याची ओढ काढायची, एवढंच माझं काम. कार्बन थोडा असला की गणित प्रयोगाशी जुळे. वाढला की प्रयोगातली ओढ माझ्या उत्तराच्या वर निघून जाई.

"लग्नाहून येताना याचं कारण घेऊन या," सर म्हणाले. "त्याशिवाय प्रबंधावर सही नाही." आणि वडिलांनी मला शिकायला तेवढंच वर्ष दिलं होतं.

लग्न चुलतबहिणीचं, अकोल्याला. याद्या करणारी मी, त्यामुळे पंगत माझ्याकडे. माणसं तितके पाट मांडले, रांगोळ्या घातल्या, उदबत्त्या लावल्या. तरी मामा ओरडला, "काहून वं, पाट खाली अन् माणसं उभी?"

मोठे काका सोवळ्यात होते. त्यांच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे. "मले खेटून कोणी नको," ते शांतपणे म्हणाले. पलीकडे भटजी, त्यांच्याही दोन्ही बाजू रिकाम्या.

"मंग पाहुण्यायनं तुमच्या डोक्शावर बसावं काय?" मामा म्हणाला.

"भटजीले इकडे सरकव," काका म्हणाले. "मधला एक पाट दोघायले पुरते."

भटजी सरकले. एक पाट मोकळा झाला, एक पाहुणा बसला. उदबत्तीच्या धुरात ती पंगत हळूहळू लाल होत गेली. माझ्या गणितात मी प्रत्येक रिकामी फट खुली धरली होती. पण बसलेला कार्बन शेजारच्या फटीही अडवतो. गर्दी वाढली की पुढच्याला जागा उरत नाही, आणि बाहेर पडण्याची ओढ वाढते.

"पोरी, तूप वाढतं का पाहूनच राहिली?" काका म्हणाले.

परतीच्या गाडीत नवं गणित मांडलं. खिडकीबाहेर फुटलेला कापूस तरंगत मागे जात होता. उत्तर प्रयोगाच्या रेषेवर येऊन अलगद टेकलं.

सरांनी शेवटपर्यंत वाचलं. "दोन कार्बनच्या मधली फट दोनदा वजा केली नाही ना?"

"नाही सर. ती दोघांत एकच."

"हे सुचलं कुठे?"

"पंगतीत."

त्यांनी हसून पेनाचं टोपण काढलं.