सुभेदार आबांचा कान

गेल्या वर्षी वारलेले आमचे सुभेदार आबा नेमबाजी शिकवायचे, पण निशाणाकडे क्वचितच बघायचे. डोळे मिटून, मान कलती करून गोळी कशात घुसली ते ऐकायचे. दर शनिवारी सांगलीहून एसटीनं साताऱ्याला त्यांच्याकडे शिकायला जाणाऱ्या मला आधी वाटलं, हा माणूस उभ्या उभ्या झोपतो.

मैदानाच्या टोकाला, निशाणांमागे, गोळ्या अडवायला मातीचा उंच बांध असतो. त्यातून उकरलेल्या गोळ्या आबांच्या खिशात असायच्या. एक मातीत शिरून नाक फुललेली, एक पत्र्यावर आपटून चपटी झालेली, आणि तांब्याच्या कवचाची एक, जवळजवळ जशीच्या तशी. "शिसं मऊ, मातीत जिरतंय," ते म्हणायचे. "ही तांब्याची लय हट्टी. पर दगड लागला तर शिसंबी वळतंय. कुठं जाईल, नेम न्हाई." म्हणून दर रविवारी आमच्याकडून बांधाची माती चाळून घ्यायचे. आम्ही मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो.

निवड चाचणी सांगलीजवळच्या दुसऱ्या मैदानावर होती. संघात जागा एकच. ती मिळाली तर आबांच्या लेकीला, सुजाताला, पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येणार होता. माझ्या सगळ्या गोळ्या झाडून झाल्या होत्या. सुजाता गुणांत माझ्या पुढे होती, तिच्या दोनच उरल्या होत्या. ती श्वास रोखून नेम धरत असताना शेजारच्या कुणाची तरी गोळी सुटली आणि बांधातून बारीक 'टिंग' आलं.

"थांबा! रायफली खाली!" आबा ओरडले.

पंच भडकले. तरी बांध तपासला. अवकाळी पावसानं माती धुपून मुठीएवढा दगड उघडा पडला होता, त्यावर शिशाचा ताजा चकचकीत ओरखडा. गोळी सापडली नाही. बांधापलीकडे ऊसतोड चालू होती. कुणीतरी धावत जाऊन आलं. सगळे सुखरूप होते.

दगड काढून चाचणी पुन्हा सुरू झाली. सुजाताचा नेम काही केल्या बसेना. तिची एका गुणानं संधी गेली आणि निवड माझी झाली.

आबांनी लेकीसाठी सकाळीच कंदी पेढे आणले होते. त्यातला एक त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मला सुजाताकडे बघवेना.

"दोनच गोळ्या होत्या, आबा," ती म्हणाली. "तेवढ्यात काय झालं असतं?"

"त्येच तर म्हाईत नव्हतं गं."

ती रडायला लागली. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पेढ्यांचा पुडा उचलून बांधामागे गेले आणि ऊसतोडीच्या माणसांना सगळे वाटून आले.