तेरशीला बुजवलेली खांड

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. सेवा मंडळाच्या मुलांसमोर चार शब्द बोलायला या, माजी विद्यार्थिनी म्हणून. विषयही त्यांनीच ठरवला होता, ‘समाजसेवेने मला काय दिलं’. मी नाही म्हटलं. फोनवरच्या बाईंना वाटलं, मला सुट्टी मिळत नसेल. त्यांनी रविवार देऊ केला. मी रविवारलाही नाही म्हटलं. आता त्या मला शिष्ट समजत असतील, तर समजू देत. खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि खरं बोलले असते तर सोमवारी मंडळात एक पोर उरलं नसतं.

मंडळ माझ्या वेळीही होतंच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही पिवळ्या टोप्या घालून बाहेर पडायचो. टोप्या मुंबईच्या कुठल्याशा क्लबने दिल्या होत्या, आणि पावसात त्यांचा रंग कपाळावर उतरायचा. किनाऱ्यावरचं प्लास्टिक आम्ही गोण्या भरभरून उचलायचो, पुढच्या उधाणाला समुद्र तेवढंच परत आणून टाकायचा. झाडं लावायचो ती दर वर्षी त्याच खड्ड्यांत, कारण आधीची शेळ्यांनी खाल्लेली असायची. निदान खड्डे तरी तयार मिळायचे. आठवीत साक्षरतेचं काम आलं. प्रत्येकाने एका बाईला सही करायला शिकवायचं. मी काकीला धरलं.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलता मी लहान असतानाच गेला. दोन्ही चुलतभाऊ पनवेलला, ट्रेलरच्या धंद्यात. काकी आमच्या शेजारच्या घरात एकटी राहायची आणि खाडीकाठचं शेत एकटी करायची. सही शिकताना तिने मला रडकुंडीला आणलं. पेन्सिल ती विळ्यासारखी धरायची आणि नावातली एक वेलांटी दर वेळी उलट्या बाजूला काढायची. मी चिडले की म्हणायची, “मना काय कलेक्टर बनवतेस काय गो?” पण पावसाळा संपेपर्यंत तिला सही यायला लागली. शाळेने टाळ्या वाजवल्या.

रेवसच्या बाजूच्या आमच्या खारेपाटात भरतीचं पाणी शेताहून उंच चढतं. बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही. मध्ये असतो तो फक्त मातीचा बांध. बांध फुटून पाण्याला वाट मिळाली की ती खांड, आणि खांड बुजवायला गाव जमतं तो जोळ. घरटी एक माणूस. बांधाचा जो तुकडा ज्याच्या वाट्याचा, तो त्याने वर्षभर बघायचा, पण खांड पडली की ती सगळ्यांची. खांड बुजली की ज्याचं शेत वाचलं त्याच्या घरी जोळाला जेवण. आणि हे काम करायचं ते भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरतीला जोर नसतो. मग ओल्या मातीला बसायला, सुकायला चार-सहा दिवस मिळतात आणि पुनवेच्या उधाणाला ती टिकते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मी नववीत गेले तोवर जोळ फक्त बोलण्यात उरला होता. पुरुष कंपन्यांच्या पाळ्यांवर, तरुण पोरं ट्रेलरवर, आणि निम्म्याहून जास्त शेतं विकलेली. आमचंही विकलेलं. त्या वर्षी माघात खांड पडली ती नेमकी आमच्या तुकड्यात, म्हणजे एके काळी आमच्या असलेल्या. ज्याने ते विकत घेतलं त्याला शेत नको होतं, जागा हवी होती. बांध राहिला काय आणि गेला काय, त्याला सारखंच. तिथून शिरलेलं पाणी सरळ काकीच्या शेतात जाऊन बसायचं.

काकी घरोघरी फिरली. सगळे हो म्हणाले. याचाच मला अजून राग येतो. एकाने जरी तोंडावर नाही म्हटलं असतं तरी तिने दुसरी काही तजवीज केली असती. सगळे हो म्हणाले, चहा पाजला, आणि ठरलेल्या दिवशी बांधावर ती, मी आणि कुत्रा. बाबा म्हणाले, “माझी पाळी हाय.” पाळी खरंच होती.

चुलतभाऊ गाडी घेऊन आले. शेताला गिऱ्हाईक होतंच, काकीची सही तेवढी हवी होती. मोठा म्हणाला, “आये, होळीच्या उधानाला ही खांड येवढी व्हनार, का तू काय, सरकार पन बुजवू शकनार न्हाय. एकदा का खारं पानी मुरलं, का तीन पावसाळे भात यनार न्हाय. मग कोनासाठी धरून बसतेस?” तो वाईट नव्हता. तो बोलला ते खरं होतं. काकी चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, “व्हय. होळीचं पानी आत शिरलं, तं तू सांगशील तिथं सही करीन. न्हाय शिरलं, तं परत इषय काढायचा न्हाय.” तिच्या डोक्यावर आढ्याला बियाण्याचा मुडा टांगलेला होता, पेंढ्यात गच्च बांधलेला, धुराने काळा पडलेला. त्यात राता भाताचं बी होतं. लालसर तांदळाचं हे भात खाऱ्या जमिनीतही तग धरतं. तिच्या सासूच्या वेळेपासून दर वर्षी त्याच शेतातलं बी काढून तिथेच टांगलं जायचं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन मंडळाच्या सरांना सगळं सांगितलं. सर भूगोल शिकवायचे. माणूस घाटावरचा, पण आमच्यापेक्षा जास्त समुद्र बघायचा. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढून त्यांनीच आम्हाला उधाण आणि भांग शिकवलं होतं. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, “अगं, मग प्लास्टिक काय वेचत बसलोय आपण?” ते त्याच पावली मुख्याध्यापकांकडे गेले आणि तोंड पाडून परत आले. अष्टमीच्या आठवड्यात सराव परीक्षा होती. ती शुक्रवारी संपणार होती. मंडळाला मिळणार होता शनिवार.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. “शनवारी तेरस हाय. तेरशीला कोन खांड बुजवतं गो? येड लागलंय काय तुमाला?” सोमवारी होळी होती.

सरांनाही ते कळत होतं. मला बरोबर घेऊन ते काकीकडे आले आणि काही न लपवता म्हणाले, “काकी, ही माती बसणार नाही. होळीनंतरच्या भांगात मी मुलं आणतो. तेव्हा करू.” काकी म्हणाली, “तवा खांड ऱ्हानार न्हाय सर, तवा खाडीच असंल.” मग तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, परत आत सारलं. शेवटी म्हणाली, “इतके दिस कोन आलं? तुमी यतो म्हनता. मी न्हाय कशी म्हनू?”

तिथेच आम्ही चुकलो. अडाण्यासारखे नाही, सगळं ठाऊक असून चुकलो. इतकी माणसं येणार या आनंदात काकी तेरस विसरली, सर फळ्यावरचा चंद्र विसरले, आणि मी तर काय, मला वाटलं आपण गाव वाचवतोय.

शनिवारी भरती उतरायला लागली तशी आम्ही बांधावर पोचलो. पिवळ्या टोप्यांची रांग लांबवर दिसत होती. काकी फावड्याने चिखलाचा गोळा कापून द्यायची आणि तो हातोहात खांडीपर्यंत जायचा. कोळीवाड्यातल्या पोरी रांगेत होत्या, त्या आम्हाला हसायच्या, “तुमाला साधा चिखल पन धरता यत न्हाय.” आम्ही म्हणायचो, “मासा न्हाय तो, शेपटी शोधू नको.” बांबूचे खुंट ठोकले, मध्ये पेंढा, वर गोण्या, वर चिखल. सरांची चप्पल चिखलात गेली ती गेलीच. काकी एवढी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कोणाच्या घरचं कोण कुठे उभं राहायचं, कोण किती आळशी, कोणाची सासू गोळा लहान कापायची, सगळं सांगत होती. जोळ परत आलाय असं तिला वाटत होतं बहुतेक. मलाही वाटत होतं. आयुष्यात इतकी खूश मी फार कमी वेळा झाले आहे.

ऊन उतरायच्या आत खांड बुजली. काकीने शेवटचा गोळा स्वतः लावला आणि तळहाताने तो लिंपला, चूल लिंपतात तसा. मग सगळ्यांना म्हणाली, “पुढल्या शनवारी माझ्या घरी जेवाला यायचं. जोळाचं जेवान.” सरांनी फोटो काढला. तो अजून शाळेच्या व्हरांड्यात लावलेला आहे म्हणे.

त्या रात्रीची भरती बांधाने सोसली. रविवारच्याही सोसल्या. मी दोनदा धावत जाऊन बघून आले. चिखल दाबला तर बोट आत जात होतं, तरी मी घरी येऊन म्हटलं, चांगला सुकतोय. सोमवारी होळीला काकीने पुरणाची पोळी टाकली आणि बांधावर जाऊन नारळ दिला. सुट्टी असूनही बाबा होळीभोवती नाचले नाहीत.

धुळवडीला भर दुपारी बांध गेला. आम्ही गल्लीत रंग खेळत होतो, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. पोचेपर्यंत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही भरलेला भाग तर गेलाच, त्याच्या दोन्ही बाजूंचा जुना बांधही त्याने ओढून नेला. ओली माती पाणी धरते आणि शेजारच्या मातीलाही बरोबर घेऊन जाते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही हात लावला नसता तर खांड कदाचित अर्धीच राहिली असती. कदाचित नसतीही. मी कितीही वेळा याचा विचार केला तरी तो कुठेच पोचत नाही. पाणी काकीच्या शेतात आरामात पसरत होतं. त्यात आमच्या गोण्या तरंगत होत्या आणि एक पिवळी टोपी. काकी काठावर उभी होती, कोणीतरी लावलेला गुलाल तिच्या गालावर तसाच होता. रडली नाही. मला म्हणाली, “चल घरी. ओली झालीस.”

शुक्रवारी चुलतभाऊ तिला तालुक्याला घेऊन गेले. तिथल्या माणसाने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. काकीने ते बाजूला सारलं आणि पेन मागितलं. मोठ्या भावाने हे कौतुकाने सांगितलं आम्हाला, आईने सही केली म्हणून, वेलांटीसुद्धा बरोबर काढली म्हणून. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आमच्या मंडळाने गावात काही टिकाऊ केलं असेल तर ते एवढंच.

मला वाटलं, आता जेवणाचं कोणी नाव काढणार नाही. त्या संध्याकाळी काकी दारात येऊन म्हणाली, “उद्या सरांना सांग, जेवाला यायचं हाय.” मी म्हटलं, “काकी, कशाला? बांध कुठं ऱ्हायला?” ती माझ्यावर खेकसली. “काम केलंय ना पोरांनी? मग?”

शनिवारी तिच्या अंगणात पंगत बसली. सर मान खाली घालून आले आणि शेवटच्या पानावर बसले. पोरांना मात्र कडाडून भूक लागली होती. सोड्यांचं कालवण होतं, वालाचं बिरडं होतं, आणि भात. सर एक-दोन घास जेवले आणि बहुतेक काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, “काकी, भात फार गोड आहे. कुठला हा?”

मी त्या वेळी पाणी वाढत होते. भाताकडे पाहिलं, तो लालसर होता. मग मी दारातून आत पाहिलं. आढ्याला नुसती दोरी लोंबत होती आणि खाली कोपऱ्यात काळा पडलेला पेंढा सुटून पडला होता.

“बियाचा हाय,” काकी म्हणाली. “गिरनीतून काढून आनला काल.”

सरांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी पानावर आडवा हात धरला. काकीने तो हात हलकेच बाजूला केला. “जेवा सर. आता पेरायचा कुठं?” आणि त्यांच्या पानात वाढून ती पुढच्या पानाकडे गेली. पोरं अजून भात मागत होती. पातेलं खरवडून निघेपर्यंत ती वाढत राहिली.