अंगणातली सालई

आमच्या पातूरच्या घरी अंगणाच्या बरोबर मधोमध, जिथे कोणी शहाणा माणूस झाड लावणार नाही अशा जागी, एक सालई उभी होती... राखाडी-हिरवट खोड, त्यावरून कागदासारखे सुटणारे सालीचे पापुद्रे, आणि ऐन उन्हाळ्यात चिरेतून ओघळता ओघळता थबकलेला मधाच्या रंगाचा डिंक. बाज टाकायची तर झाडाला वळसा, सायकल काढायची तरी झाडाला वळसा. पण त्या अडचणीबद्दल घरात कधी कोणी कुरकुर केली नाही.

ती मुळात झाड म्हणून लावलेलीच नव्हती. माझ्या शांताआत्याच्या लग्नातली ती मांडवाची मेढ. आमच्याकडे मांडवाला सालईची मेढ रोवायची रीत. बाबांनी डोंगरातून ओली फांदी आणली, हळद-कुंकू वाहून अंगणात रोवली, आणि तिच्या सावलीत नव्हे, तिच्या आधाराने आत्याचे लग्न लागले. मी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. मांडव उतरला, बांबू ज्याचे त्याला परत गेले. ही मेढ मात्र गोऱ्हा बांधायला बरी म्हणून राहून गेली. सालईची जातच अशी चिवट, की मुरमाड जमिनीत फांदी रोवली तरी जगते. पावसाळ्यात मेढीला पालवी फुटली, तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने हसून घेतले.

दिवाळीला आत्या आली ती पत्र्याची पेटी घेऊनच. सासरी काय झाले ते मोठी माणसे दार लोटून बोलली. मला इतकेच कळले, की तिला परत जायचे नाही. पण इथे राहायचे, हेही कोणी म्हणत नव्हते. आत्या आपल्याच घरात पाहुण्यासारखी वागे — जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागत नसे, पेटीतले लुगडे काढून घेतले की पुन्हा कडी लावून टाकी. बाबा बहिणीला ठेवून घेतात की समजूत घालून परत पोचवतात, याची काळजी आमच्यापेक्षा गल्लीलाच जास्त.

एके सकाळी शेजारच्या काकू अंगणात आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, ते मेढ उपटून टाका आता. जिच्या लग्नाची होती तेच माघारी आली. असं लाकूड दारात काहून ठेवून राहिले?"

ओसरीवर तूर निवडणाऱ्या आत्याचे हात सुपातच थांबले. बाबा गोऱ्ह्याला पाणी पाजत होते; त्यांनी त्याचे पिणे पुरे होऊ दिले. मग त्यांनी मेढीचे दावे सोडले, गोऱ्ह्याला पलीकडच्या खुंट्याला बांधले आणि म्हणाले, "वैनी, आता कोनी उपटत नाही तिले. हे झाड बी इथंच राहीन, अन् शांता बी इथंच राहीन."

त्या संध्याकाळी आत्याने पेटी रिकामी केली. आपली लुगडी आईच्या लुगड्यांशेजारी फळीवर रचली आणि रात्री भाजी मागून घेतली.

पुढे वर्षे गेली, खोड भरले, आणि आत्या डिंक काढू लागली. उन्हाळ्यात विळ्याने सालीची बोटभर पट्टी तासायची, एकदा तासलेली बाजू पुढच्या वर्षी विसाव्याला सोडायची; पावसाळ्यात तर झाडाला विळा दाखवायचाही नाही. तो डिंक ती तिळाच्या तेलात विरघळवून आईच्या सुजऱ्या गुडघ्यांवर गरमगरम लावी. आम्हाला सर्दी झाली की निखाऱ्यावर खडा टाके... लिंबाच्या सालीसारखा, कापरासारखा, थोडासा देवळासारखा तो वास अजून माझ्या नाकात आहे. गुरुवारी मागच्या गल्लीतली रझियाखाला लोबानासाठी वाटी घेऊन येई. आणि त्याच काकूंची सून बाळंत झाली तेव्हा काकूही आल्या, पदर सावरत, दाराशीच घुटमळत. आत्याने डिंक तर दिलाच, वर ती स्वतः जाऊन बाळ-बाळंतिणीला धुरी देऊन आली. मला राग आला होता. तिला मुळीच नव्हता.

माझ्या बाळंतपणात बाजेखाली शेगडी सरकवताना ती म्हणायची, "डोये मिट पोरी, धूर लागन." त्या उबेत मी जशी झोपले, तशी पुन्हा कधी झोपले नाही. आत्याचे ऋण मोजायला बसले तर मला तो वासच आठवतो.

आत्या आता नाही. झाड आहे.

यंदाच्या वैशाखात, अकोल्यात, आमच्या दारातच माझ्या लेकीचे लग्न झाले. मांडव मंडपवाल्याचा, लोखंडी पायपांचा. पण मी पातूरहून त्या सालईची फांदी आणवली. इथली जमीन काळी, तिला मानवायची नाही, म्हणून खड्ड्यात भरायला पोतेभर मुरूमही आणवला. ह्यांनी कपाळाला हात लावला. लग्नानंतर पायपा ट्रकमधून गेल्या. लेक निघताना मी तिला फांदी दाखवून म्हटले, "तू सुखातच राहशील. पण ही मी काढणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

तिला आत्याची गोष्ट ठाऊक आहे. तिने फक्त माझा हात घट्ट दाबला.

परवा त्या फांदीला लालसर कोंब दिसले. मी फोटो काढून लेकीला पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला. "आई, ते तर फाटकाच्या समोरच फुटून राहिलं. मग बाबा गाडी कुठून काढतीन?"

"वळसा घालून," मी म्हटले.