इया खोऱ्यातले चौथे ताट

देवावर माझी श्रद्धा आहे. चमत्कारांच्या कथांवर मात्र कधीच नव्हती. भिवंडीत आयुष्यभर संस्कृत शिकवले. अशी कथा घेऊन कुणी आले की, प्रमाण काय, एवढेच विचारून मी त्याला निरुत्तर करीत असे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो आहे.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षे उलटली असतील. आमचा मुलगा सुहास जपानात ओसाकाजवळ नोकरीस होता. शिकोकू बेटावरील इया नावाचे खोरे त्याने आम्हा उभयतांना दाखवायला नेले. तिकडे प्रवासी क्वचितच वळतात. खोल दरी, पाचूसारखे पाणी, लालबुंद मेपल आणि वेली विणून केलेला झुलता पूल! मी पुलाच्या मधोमध वेल घट्ट धरून स्तोत्र पुटपुटत उभा राहिलो. सौभाग्यवती साडीचा ओचा खोचून केव्हाच पलीकडे पोहोचली होती.

"अवो, स्तोत्र नंतर म्हना, आधी पाय उचला," ती तिकडून म्हणाली. ती मूळची दिघाशी गावची. इतक्या वर्षांच्या संसारातही तिची बोली तिने सोडलेली नाही, आणि मला ती गोड वाटते.

खाण्याचीही चंगळ होती. निखाऱ्यावर भाजलेले बटाटे, दोरीने बांधता येईल इतके घट्ट टोफू, उपवासाला चालणाऱ्या कुट्टूच्या शेवया... सुहास प्रत्येक ठिकाणी मासे वर्ज्य करवून घेई. पण त्याची आई फळांवाचून कशालाही शिवत नव्हती. पोट बरे नाही, असे तिने त्याला सांगितले होते.

खरे कारण मला ठाऊक होते. माहेरहून आलेली पितळी अन्नपूर्णा तिने खणात बांधून सोबत आणली होती. ती मूर्ती नेहमी मूठभर तांदळांवर बसवलेली असते. सुहासने फोनवर बजावले होते की विमानतळावर तांदूळ काढून घेतात, म्हणून ते घरीच राहिले. ते तांदूळ विकत घ्यायचे नाहीत, मागायचे नाहीत. कुणी घरच्या डब्यातून आपणहून द्यावेत, ही तिच्या माहेरची रीत. आसनाशिवाय नैवेद्य नाही, आणि नैवेद्याशिवाय ही अन्न घेत नाही.

"भूक हाय, पन तिच्या आधी न्हाय," ती मला म्हणाली, आणि मुलाला काही न सांगण्याची शपथ घातली.

सुहास मात्र धास्तावला. आईने आज जेवण घेतले नाही तर उद्याच परतून डॉक्टर गाठायचा, असे त्याने पुलावरून येताना ठरवूनच टाकले.

त्या सायंकाळी आमच्या मुक्कामाच्या घरी वृद्ध यजमानीणबाईंनी ताटे मांडली. आम्ही तिघे, ताटे चार. चौथ्यात एकच वाटी होती, आणि तिच्यात शिगोशीग कच्चे तांदूळ.

चौथे ताट कुणाचे, असे सुहासने हसून विचारले. त्या बोलू लागल्या, तसे त्याचे हसू मावळत गेले. मग त्याने आम्हांला मराठीत सांगितले, "त्या म्हणतात, दुपारी तुम्ही पुलावर होता तेव्हा तुमच्यासोबतच्या बाई स्वयंपाकघरात आल्या. बोलल्या काहीच नाहीत. तांदळाच्या डब्याकडे पाहून नुसती ओंजळ पुढे केली. मनगटाला पळी टांगलेली होती. त्यांना जेवायला बोलवा, म्हणतात."

सौभाग्यवती उठली. पिशवीतून तिने खण काढला, गाठ सोडली, आणि मांडीवर पळी घेतलेली अन्नपूर्णा त्या तांदळांवर ठेवली. यजमानीणबाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या, आणि जुनी ओळख पटावी तशा प्रसन्न हसल्या.

नैवेद्य झाला. मग आमची ही जी जेवायला बसली... दोन वाट्या भात संपल्यावर सुहासला म्हणाली, "तो भाजल्याला बटाटा अजून हाय का, इचार त्यांना." सुहास डोळे पुसत हसत होता. सहल अर्थातच पूर्ण झाली.

आम्ही पुलावर असताना यजमानीणबाईंनी पिशवी उघडून पाहिली असेल, असे सुहास म्हणतो. पण गाठ हिचीच होती, ती हिनेच सोडली. आणि मूर्ती पाहिली तरी तिला कच्चे तांदूळ लागतात, हे त्या खोऱ्यात कुणाला ठाऊक असणार? मी शास्त्रे धुंडाळली. अजूनही धुंडाळतो आहे.

परतीच्या वाटेवर मी हिला विचारले होते, न मागता मिळावेत ही तुमची रीत. इथे तर मागितले गेले, मग ते चालले कसे?

ती खिडकीबाहेर मेपल पाहत म्हणाली, "आपन कुठं मागितलं? तिचं तिनं मागितलं."